शेपटीचं पान

आमच्या घरापुढं कायम सात-आठ झाडं वाट बघत बसलेली असायची. फुटक्या माठात, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत. ती आमची नव्हती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाच्या तरी विहिरीच्या भिंतीतून, पुलाच्या कठड्यातून, शाळेच्या गच्चीवरून ती मुळांसकट सोडवून आणलेली असायची आणि कायमची जागा मिळेपर्यंत ती आमच्याकडं मुक्कामाला राहायची. आई कुरकुरायची की घरातल्या माणसांना पाणी पुरत नाही आणि यांचा हा पाहुणचार. पण भांडी विसळलेलं पाणी ती न चुकता त्याच डब्यांत ओतायची आणि एखाद्या रोपाला नवं पान फुटलं की सगळ्यात आधी तीच मला हाक मारून दाखवायची.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका, राहूचा ऊसपट्टा. दोन्ही बाजूंना जुन्या दगडी विहिरी भरपूर. पाखरं वडा-पिंपळाची फळं खातात, विहिरीच्या कडेला येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी दगडाच्या सांध्यात पडतं. दोन-चार वर्षांत मूळ पाचरीसारखं आत शिरतं आणि बांधकाम फुगायला लागतं. झाड काढलं नाही तर विहीर ढासळणार हे मालकाला कळायचं, पण पिंपळाला हात लावायला कुणी तयार नसायचं, कारण पिंपळावर मुंजा असतो. मग दादांना निरोप यायचा. आम्ही बौद्ध, आम्हाला मुंजाची भीती नाही, असा सगळ्यांचा हिशेब. राहूच्या अलीकडचे बबनआप्पा तर तोंडावरच म्हणायचे, ‘‘किसन, तुम्ही लोकांनी देवच सोडलं, मग भुतं तुमाला कशापायी धरत्याल?’’ दादा दोर उलगडता उलगडता म्हणायचे, ‘‘आप्पा, भुतं माणसातच लई हायती. झाडात कशाला हुडकायची?’’ आणि दोघंही हसायचे. त्या हसण्यात आप्पांना काय वाटायचं आणि दादांना काय, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

भीती नव्हती, पण दादांचाही एक नेम होता. पिंपळ त्यांनी कधी तोडला नाही. छिन्नीनं दगडाचा सांधा मोकळा करायचा, बोटांनी माती उकरायची, मुळाला ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि झाड जिवंत वर आणायचं. विहिरीतून येणारा छिन्नीचा तो आवाज माझ्या लहानपणाचा आवाज आहे. वर तो दोनदा ऐकू यायचा, एकदा खरा आणि एकदा पाण्यावरून परत आलेला. वर आणलेला पिंपळ मग नदीकाठी, शाळेच्या आवारात, विहाराच्या मागं, कुठंतरी लावला जायचा. गावातली माणसं त्यांना चेष्टेनं पिंपळाचा सासरा म्हणायची. त्याचा त्यांना राग येत नसे. ‘‘लेक नांदाय लावतो तशी लावतोय,’’ म्हणायचे. मला कळायला लागल्यावर मात्र लेक नांदायला लावण्याचं हे बोलणं निघालं की मी तिथून उठून जायचे.

मी आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, ते त्या डब्यांमुळंच असावं. वर्गात मी फारसं बोलत नसे. इंग्रजी नावं उच्चारताना जीभ अडखळायची आणि मागच्या बाकावरून कुणी हसलं की पुढचे दोन दिवस मी तोंड उघडत नसे. पण घरी माझा भाव एकदम वाढला होता. दादा झाडं हाताळत आले होते, तरी आता कुठलंही झाड काढण्याआधी ते मला विचारायला लागले. त्यांचा प्रश्न एकच, ‘‘शेपूट हाय का?’’ पिंपळाच्या पानाच्या टोकाला लांब, बारीक शेपटी असते. पायर नावाचं दुसरं एक झाड असतं, तेही असंच खडकात आणि भिंतीत उगवतं. पान तसंच हृदयासारखं, पण देठ आणि शिरा तांबूस, आणि टोक चटकन संपतं. शेपूट आहे म्हणजे पिंपळ. शेपूट नाही म्हणजे पायर, आणि पायर नर्सरीला द्यायला हरकत नाही.

ही नर्सरी कोरेगाव भीमाच्या पुढं, कारखान्यांच्या मागं होती. पुण्याच्या एक मॅडम ती चालवायच्या. नर्सरी बोन्साय झाडांची. विहिरीच्या भिंतीत वर्षानुवर्षं उपाशी राहिलेलं झाड बुंध्याला जाड आणि उंचीला थोटं होतं, आणि तसंच त्यांना हवं असायचं. दादा त्यांच्याकडं झाडं पोचवायचे, त्यांच्यामुळंच मी तिथं शनिवारी जायला लागले. मॅडमनी मला जे शिकवलं ते तोवर कुणी शिकवलं नव्हतं, हे मला आजही मान्य करावं लागतं. त्या पान हातात द्यायच्या, डोळे मिटायला सांगायच्या आणि नाव विचारायच्या. नांद्रुक सगळ्यात गुणी, कुठंही कापा, फुटणार. पान चकचकीत, आधीच लहान, आणि कुंडीत आणखी लहान होतं. वडाचं पान दांडगं, उन्हाळ्यात सगळी पानं खुडून झाड कडक उन्हात ठेवलं तरच पुढची पानं आवरती येतात. उंबराचा बुंधा लवकर भरतो, पण फळ वीतभर झाडालाही पुरत्या आकाराचं लागतं, ते लेकराच्या अंगावर बापाचा सदरा घातल्यासारखं दिसतं. पायर दगडाला छान मिठी मारते. आणि पिंपळ सगळ्यांना हवा असतो, पण तोच सगळ्यात कमी ऐकतो. फांदी कापली की कापल्या जागेपासून मागं मागं सुकत जाते.

हे सगळं मी घरी येऊन सांगायचे. भाकरी थापता थापता आई ऐकायची. चुलीवर उंबराच्या कच्च्या फळांची भाजी रटरटत असली तर म्हणायची, आपल्याला एवढंच कळतं, उंबर कच्चा असंल तर शिजवायचा आन् पिकला की किडं बघून टाकायचा. दादांना नांद्रुकाची गोष्ट फार आवडली. ‘‘नांद्रुक म्हंजी कुठंबी नांदणारं,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला खुशाल ताटलीत बसवा. पर ज्याच्या सावलीत बुद्ध बसलं, त्याला मी ताटलीत बसवून तारंनं त्याची मान न्हाई वळवू द्यायचो.’’ विहारापुढचा मोठा पिंपळ माझ्या आजोबांनी लावलेला. धम्म घेतला त्या साली, नदीवरून खांद्यावर पाणी आणून जगवलेला. मॅडमना हे ठाऊक होतं, आणि त्यांनी ते पाळलंही. दादांकडं त्यांनी पिंपळ कधी मागितला नाही.

माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. दौंडहून मामा स्थळ घेऊन आले होते. मुलगा रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला, घर स्वतःचं, माणसं चांगली. मामांचा स्वभाव घाईचा होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं, पुढं शिकायचं तर पुण्यात राहायचं कुठं आणि कुणाच्या भरवशावर? आईलाही तसंच वाटत होतं. दादा उठून डब्यांना पाणी घालायला गेले. एका शनिवारी मी मॅडमना चाचरत विचारलं की पुण्यात एखाद्या मुलीला राहायला जागा मिळेल का. त्यांनी कुंडीतलं तण उपटता उपटता म्हटलं, माझ्या घरात वर एक खोली आहे, बघू. ‘बघू’ या एका शब्दावर मी पुढचे दोन महिने जगले.

त्याच दिवसांत बबनआप्पांच्या विहिरीचा निरोप आला. मॅडम टेंपोबरोबर दुसरं झाड न्यायला आमच्या बाजूला आल्या होत्या, त्यांनीही ती विहीर बघितली. काठावरून वाकून त्या बराच वेळ खाली बघत राहिल्या. पाण्याच्या वर दोन पुरुष उंचीवर एक झाड होतं, मांडीएवढा बुंधा, आणि त्याची मुळं दगडावरून अशी पसरलेली की मेणबत्ती वितळून ओघळली असावी. फाल्गुन असल्यानं झाडाला एकही पान नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, ‘‘असं झाड आयुष्यात एकदा मिळतं, सुजाता. पायर असेल तर मला दे. पिंपळ असेल तर राहू दे, तुझ्या वडिलांना त्रास नको.’’ बाकी काही नाही. खोलीचं नाव त्यांनी काढलं नाही. ते मीच जोडलं. झाड मिळालं तर त्या खूश होतील, खूश झाल्या तर ‘बघू’चं ‘ये’ होईल, असा एक पूल मी मनात बांधला आणि त्यावरून चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दादा कमरेला दोर बांधून विहिरीत उतरले. आप्पा आणि त्यांचा गडी वर दोर धरून होते. झाडाचं गळलेलं एखादं पान मिळतं का बघायला मी विहिरीच्या पायऱ्यांनी खाली जाऊन पाण्याजवळच्या पायरीवर बसले. दादा झाडाशी पोचले आणि त्यांनी बुंध्यावर तळहात ठेवला. मी इकडंतिकडं बघत होते, आणि पायरीच्या फटीत मला एक पान दिसलं. गेल्या वर्षीचं. पाण्यात कुजून त्याची जाळी झाली होती, लहानपणी आम्ही पुस्तकात ठेवायचो तशी. त्या जाळीला शेपूट होतं. लांब, वळलेलं, कुठंही न तुटलेलं. विहिरीत दुसरं झाड नव्हतं, आणि आसपास शेतात ऊसच ऊस.

‘‘सुजा, शेपूट हाय का?’’ वरून दादांनी विचारलं. विहिरीनंही विचारलं, हाय का.

मी पान मुठीत घेतलं. जाळीला काही वजन नसतं. मूठ आवळली तर ती चुरगाळल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

‘‘न्हाई दादा. पायर हाय.’’

थोडा वेळ छिन्नीचा आवाज आला नाही. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. दादांचा तळहात बुंध्यावरच होता. मग ते ‘बरं’ म्हणाले आणि काम सुरू झालं. मी मूठ पाण्यात बुडवून उघडली.

झाड काढायला दोन दिवस लागले. नर्सरीत मॅडमनी करवतीनं वरच्या फांद्या उतरवल्या, खालची जाड मुळं छाटली आणि सिमेंटच्या उथळ ट्रेमध्ये झाड बसवलं. चीक दुधासारखा वाहत होता. राख लावली तरी थांबेना. दादा जवळ उभे होते. ते नेहमी झाड पोचवून लगेच निघायचे, त्या दिवशी चीक वाळेपर्यंत थांबले. मॅडम आनंदात होत्या. निघताना त्यांनी मला सांगितलं, जूनमध्ये सामान घेऊन ये.

पुढचं मी पाहिलं नाही, मला रामसेवकनं नंतर सांगितलं. रामसेवक बिहारकडचा, नर्सरीत पाणी घालायचा. चैत्र संपता संपता दादा दोन नांद्रुकं घेऊन तिकडं गेले. ट्रेमधल्या झाडाला तांबूस पालवी फुटून ती हिरवी होत आली होती. रामसेवक रोज त्याला पाणी घालून हात जोडायचा. तो दादांना म्हणाला, ‘‘बाबा, ये पीपल आप लाए? हमारे यहाँ तो इसको लोहा नहीं लगाते.’’ दादांनी चप्पल काढली, जवळ गेले, एक पान न तोडता बोटांवर घेतलं आणि अंगठा देठाकडून शेपटीच्या टोकापर्यंत नेला. मग चप्पल घालून निघून आले. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, ठेचा-भाकरी खाल्ली, अंगणातल्या डब्यांना पाणी घातलं. मला काही विचारलं नाही. माझी परीक्षा चालू होती, ‘अभ्यास कर’ एवढंच म्हणाले.

वैशाखातल्या पौर्णिमेला विहारात सगळा समाज जमला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, आजोबांच्या पिंपळाला निळ्या-पिवळ्या कागदी पताका. वंदना झाली आणि खिरीचं पातेलं बाहेर आलं. माझं नाव बुद्धांना खीर देणाऱ्या सुजातेचं, म्हणून दरवर्षी खीर वाढायचा मान माझा. माझ्या हातात पळी होती तेव्हा दादा मागच्या रांगेतून उठून उभे राहिले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. म्हणाले, ‘‘माझ्या हातनं एक पिंपळ ताटलीत गेलाय. चूक माझी हाय. मला दिसलं न्हाई.’’ कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, ‘‘किसनदा, हिरीत अंधार असतोय म्हाईत हाय, पर एवढा?’’ लोक हसले. दुसरा म्हणाला, आता बुद्धालाबी कुंडीत बसव. त्यालाही हसले. विहाराचं काम बघणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दादांना म्हणाले, नजरचूक झाली, जाऊ दे, बस आन् खीर घे.

मी वाढत वाढत दादांपर्यंत पोचले. त्यांनी द्रोणावर हात आडवा धरला. माझ्याकडं बघितलंही नाही, रागानं नाही, नुसतंच बघितलं नाही. पळीतली खीर मी पुढच्या माणसाला वाढली. त्या क्षणी बोलता आलं असतं. सगळा समाज समोर होता, पळी हातात होती, तोंड माझं होतं. हे सगळं लिहायला घेतल्यापासून मी पुन्हा पुन्हा त्याच रांगेत उभी राहते आहे आणि पुन्हा पुन्हा पुढच्या माणसाकडं सरकते आहे.

घरी जाताना वाटेत दादांनी मला विचारलं, ‘‘शिकलेल्या माणसाचीबी चूक होती, न्हाई का?’’

‘‘होती,’’ मी म्हणाले.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘व्हनारच.’’

त्यानंतर ते विहिरीत उतरले नाहीत. नजर अधू झाली म्हणून सांगायचे. बबनआप्पांनी दोनदा माणूस पाठवला, मग पाठवणं बंद केलं. छिन्नी दाराच्या वर खोचलेली होती, ती तिथंच गंजली. अंगणातले डबे एकेक करून रिकामे झाले आणि शेवटी आईनं त्यात कोथिंबीर लावली. दादा कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या कामाला लागले. आणि मला कुठल्याही झाडाचं नाव त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मामांचं स्थळ मागं पडलं आणि मी जूनमध्ये पुण्याला गेले. मॅडमच्या वरच्या खोलीत खाट, टेबल, खिडकीला धुतलेला पडदा. मी म्हणाले, तुम्ही एवढं सगळं केलंत. त्या म्हणाल्या, अगं, तू विचारलंस त्याच आठवड्यात मी खोली आवरून ठेवली होती. मी खाटेवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. ते झाड दुसऱ्या वर्षी गेलं. कापल्या जागेपासून मागं मागं सुकत गेलं, मॅडमनीच शिकवलं होतं तसं.

आता माझे केस पिकले आहेत. पुढं दौंडला नोकरी मिळाली. इतकी वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आहे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी मुलांपुढं मुद्दाम पानगळ झालेली डहाळी ठेवते. मुलं कुरकुरतात, मॅडम, पान नाही तर ओळखणार कसं? मी सांगते, सालीला हात लावा, घाई करू नका. कळलं नाही तर कळलं नाही असं लिहा, मी निम्मे गुण देईन. त्यांना वाटतं मी विषयाबद्दल फार काटेकोर आहे.

आई गेल्यावर दादा माझ्याकडंच राहायला आले. शेवटच्या दुखण्यात ते दौंडच्या एका दवाखान्यात पंधरा-वीस दिवस होते. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. दुपारी मी जेवणाचा डबा उघडत होते तेव्हा ते खिडकीकडं बघत होते. समोरच्या भिंतीवरच्या पन्हाळीच्या सांध्यात काहीतरी हिरवं हलत होतं.

‘‘सुजा,’’ ते म्हणाले, ‘‘शेपूट हाय का?’’

डब्याचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. मी खिडकीशी गेले. वारा नव्हता, तरी पानं थरथरत होती.

‘‘हाय दादा. लांब हाय. पिंपळ हाय.’’ आणि मग, पाठमोरीच, मी म्हणाले, ‘‘आप्पाच्या हिरीतल्यालाबी हुतं. मला पान घावलं हुतं. मी ते मुठीत चुरगाळलं.’’

‘‘म्हाईत हाय.’’

मी वळले. ते अजून पन्हाळीकडंच बघत होते.

‘‘कवापास्नं?’’

‘‘तवाच. हात लावला की कळतंय. एवढी वर्सं मग काय केलं मी?’’

‘‘मग काढलं कशाला, दादा?’’

त्यांना दम लागला होता. मी पाण्याचा पेला पुढं केला, तो त्यांनी हातानं बाजूला सारला, आधी बोलायचं होतं म्हणून.

‘‘तू न्हाई म्हणलीस,’’ ते म्हणाले. ‘‘मग म्हणलं, नसंल.’’